सुताराचा बाक: माप, लाकूड, जोड आणि सातारा-सांगलीची हवा

रंध्याचा हात मारला की फळी पुढे पळते, करवत चालवली की टेबल डुगडुगतं, पटाशीवर मोगरी बसली की वरचं सगळं सामान नाचतं. ज्या टेबलावर यातलं काहीच होत नाही, तो बाक. त्याचं काम एकच: धरलेलं लाकूड हलू द्यायचं नाही.

लाकूडकामाची गोडी लागलेला माणूस वर्ष-दोन वर्षांत या बाकापाशी येऊन थांबतो. नकाशे गोळा होतात, फ्रेंच बरा की इंग्लिश यावर रात्री जातात, आणि लाकूड मात्र वखारीतच राहतं. हा नाद वाईट नाही. फळी सरळ करणं, काटकोन साधणं, चिकटवणं, कूस (खाचेत बसणारी पट्टीच्या टोकाची जीभ) बसवणं हे सगळं हात बाक बनवतानाच शिकतो. फक्त डोकं कुठे घालायचं ते आधी ठरवायला हवं. वजन, उंची आणि पकड या तीन गोष्टी पहिल्यापासून बरोबर असाव्या लागतात. खण, कप्पे, अवजारांची मांडणी हे नंतर कधीही करता येतं.

आपल्याकडे उभ्या बाकाची परंपरा फारशी नाही. गावातला सुतार जमिनीवर बसून, पायाच्या पकडीत लाकूड धरून काम करत आला. मिरजेचे सतार-तंबोऱ्याचे कारागीरही बसूनच काम करतात. पाय हाच त्यांचा शिकंजा, म्हणजे लाकूड आवळून धरणारं साधन. उभा बाक युरोपातून आला. आंद्रे रूबो या पॅरिसच्या सुताराने १७६९ पासून प्रसिद्ध केलेल्या चित्रांतला जाड फळ्याचा (फळा म्हणजे बाकाचा वरचा सपाट भाग), चार पायांचा बाक आजही जगभर नमुना मानला जातो. त्याची खरी खूण एकच आहे: पुढचे पाय फळ्याच्या पुढच्या कडेशी एकाच पातळीत असतात. त्यामुळे दरवाजाची चौकट किंवा लांब फळी उभी धरली, की तिला वरपासून खालपर्यंत टेकू मिळतो. खाली दिलेला बाक त्याच जातीचा आहे, पण सुटा करता येणारा. सुटा का, ते पुढे येईल.

उंची

रोज पायात असते ती चप्पल घालून सरळ उभं राहा आणि हात सैल सोडा. जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंतचं अंतर ही बाकाची उंची. ५ फूट ५ इंच उंचीच्या माणसाला ती ३१ ते ३२ इंच येते. हातरंध्याचं काम जास्त असेल तर यातून इंचभर कमी करा, म्हणजे अंगाचं वजन रंध्यावर येतं आणि खांदे कमी दुखतात. राउटर (खाचा पाडायचं विजेचं यंत्र) आणि बारीक कोरीव काम जास्त असेल तर दोन इंच वाढवा. स्वयंपाकाच्या ओट्याची उंची बाकाला घेणं ही नेहमीची चूक. अशा उंच बाकावर तासाभरात कोपरं भरून येतात. शंका असेल तर पाय इंचभर लांबच ठेवा. पाय कापता येतो, वाढवता येत नाही.

लांबी ६ फूट, रुंदी साडेबावीस इंच, फळ्याची जाडी ३ इंच. दोन फुटांपेक्षा जास्त रुंदी नको, कारण पलीकडच्या बाजूला हात पोचत नाही आणि तिथे फक्त पसारा साठतो. जाडी ३ इंचांपेक्षा कमी केली तर फळा दणका झेलत नाही. ४ इंचांच्या बरीच वर नेली तर लोखंडी आकडा (लाकूड फळ्यावर दाबून धरणारा) भोकात नीट अडकत नाही. तो का, ते आकड्याच्या भागात आहे.

कोणतं लाकूड

बाकाला महाग लाकूड लागत नाही. लागतं ते जड, वाळलेलं आणि सरळ. या भागात चार मार्ग आहेत.

जुनं सागवान मिळालं तर दुसरीकडे बघू नका. सातारा, वाई, कराड भागात जुने वाडे उतरवले जातात आणि त्यांच्या तुळया, खांब, कडीपाटाच्या फळ्या जुन्या मालाच्या दुकानात येतात. हे लाकूड कित्येक वर्षं मुरलेलं असतं, पीळ पडायचा तो पडून गेलेला असतो. त्रास एवढाच, की त्यात खिळे असतात आणि चिरांत चुना-माती बसलेली असते. मशीनवर घालण्याआधी तारेच्या ब्रशने घासा आणि जाड लोहचुंबक इंच-इंच फिरवा. रंधा मशीनचं एक पातं खिळ्यावर गेलं, की वखारवाला पुढच्या वेळी तुमचा माल आत घेणार नाही.

बाभूळ म्हणजे आपलं बैलगाडीचं आणि औताचं लाकूड. जड, चिवट, ठोके खाणारं. पाय, शिकंज्याचा जबडा आणि खुंट्यांसाठी याच्यापेक्षा चांगलं लाकूड इथे मिळत नाही. पण वरचा पांढरा भाग ठेवू नका, त्याला कीड लागते. फक्त आतला तांबूस गाभा घ्या. बाभळीला धार वारंवार लावावी लागते आणि स्क्रूला आधी भोक पाडावंच लागतं.

आंबा स्वस्त असतो, रुंद मिळतो, वजनही पुरेसं असतं. कीड आणि बुरशीचा निळा डाग हे त्याचे दोष. कापल्या कापल्या, ओला असतानाच, ५ लिटर पाण्यात १५० ग्रॅम बोरॅक्स आणि १०० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून ते द्रावण सगळ्या बाजूंना दोनदा भरपूर फासा. ओल्या लाकडात ते आत झिरपतं, वाळलेल्या लाकडात वरच राहतं, म्हणून वेळ चुकवू नका. बांधावरचा आंबा, साग, फणस किंवा जांभूळ तोडायचा असेल तर महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू होतो. परवानगी आधी घ्यायची, करवत नंतर.

चौथा मार्ग एमआयडीसीतल्या पॅकिंगच्या पाइनचा. यंत्रांच्या खोक्यांतून चांगल्या सरळ पट्ट्या निघतात. त्यावर 'एचटी' शिक्का असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं असतं. त्याने कीड मरते, पण लाकूड वाळलेलं आहे असा त्याचा अर्थ होत नाही. 'एमबी' शिक्का म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, तो माल घेऊ नका. पाइन हलकं असतं, म्हणून खालच्या फळीवर वाळूच्या दोन गोण्या ठेवून वजन भरून काढायचं.

निलगिरी ताजी असेल तर नको. वाळताना ती इतकी पिळते, की चिकटवलेला फळासुद्धा वाकतो.

ओलावा: इथेच बहुतेक बाक बिघडतात

सातारा-सांगलीची हवा एकसारखी नाही. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे पावसाळ्यात भिंती पाझरतात. माण, खटाव, जत, आटपाडीत एप्रिलमध्ये दाराची फळी बाहेरून फटते. एकाच जिल्ह्यात लाकडाचा ओलावा इतका वेगळा असू शकतो. सागासारखं शांत लाकूडसुद्धा, आडवी चिरलेली फळी असेल तर, ओलावा ६ टक्क्यांनी बदलल्यावर साडेबावीस इंच रुंदीत साधारण दोन सूत (पाव इंच) फुगतं किंवा आकसतं. हे थांबवता येत नाही, त्याला जागा ठेवावी लागते.

मीटर नसेल तर तपासणी घरच्या घरी होते. फळीच्या टोकापासून फूटभर आतून, रेशांच्या आडव्या दिशेने एक इंच जाडीचा तुकडा कापा. टोकाचा तुकडा घेऊ नका, तो नेहमी जास्त वाळलेला असतो. तुकड्याचं स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. मग ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर ठेवा आणि दर तासाने वजन बघा, ते कमी होणं थांबेपर्यंत. आधी ८४ ग्रॅम होता आणि शेवटी ७५ झाला, तर ९ ग्रॅम पाणी गेलं. ९ भागिले ७५ म्हणजे १२ टक्के. सांगली आणि पूर्वेकडच्या तालुक्यांसाठी १० ते १२ टक्के, साताऱ्याच्या पश्चिमेला १२ ते १३ टक्के असेल तर काम सुरू करा. १६ टक्क्यांवर चिकटवलेला फळा पहिल्याच उन्हाळ्यात टोकांना फाटतो.

ताजं चिरलेलं लाकूड मोकळ्या हवेत वाळायला जाडीच्या दर इंचाला ढोबळ मानाने एक वर्ष घेतं. दोन इंची पट्ट्यांना दोन उन्हाळे तरी द्या. थर लावताना मध्ये एक इंची काड्या ठेवा, दीड ते दोन फुटांवर, एकाखाली एक अशा सरळ रेषेत. काड्या मागेपुढे झाल्या तर फळी तिथेच वाकते. टोकांना उरलेला ऑइल पेंट किंवा मेण लावा, नाहीतर टोकं आधी वाळून चिरतात. वर छप्पर हवं, बाजू मोकळ्या हव्यात, ऊन थेट नको.

चिकटवण्याचं काम डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात करा. तेव्हा लाकूड वर्षाच्या मधल्या ओलाव्यावर असतं, आणि फेविकॉलही घाई करत नाही.

माल

मापं रंधा मारण्याआधीची, इंचांत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे ध्यानात ठेवा.

- फळ्याच्या पट्ट्या: साडेतीन × २ × ७६, नग १३
- पायाचे अर्धे: ४ × २ × ३१, नग ८ (दोन-दोन चिकटवून एक पाय)
- आखूड आडपट्ट्या: ४ × २ × साडेएकवीस, नग ४
- लांब आडपट्ट्या: ५ × २ × ४८, नग २
- खालची फळी: १ इंच जाड, ४५ लांब, एकूण १९ रुंद
- शिकंज्याचा जबडा: अडीच × ८ × ३२, नग १, बाभळीचा

हे सगळं मिळून ७ घनफूट होतं. गाठी, चिरा आणि कापणी धरून ९ घनफूट घ्या. तयार बाक १०० किलोच्या आसपास भरतो आणि तेवढा भरायलाच हवा. याशिवाय १२ मिलिमीटरचे १५० मिलिमीटर लांब बोल्ट ४, नट आणि जाड वॉशर, कोच स्क्रू (पान्ह्याने फिरवायचे जाड स्क्रू) ४, फेविकॉल दीड किलो.

सांगली-मिरजेत नदीकाठच्या पट्ट्यात राहत असाल, तर पायांच्या जोडांना साधं पांढरं फेविकॉल न वापरता मरीन वापरा. २०१९ आणि २०२१ च्या कृष्णेच्या पुरात तळमजले पाण्यात होते. पाण्यात राहिलेला साधा जोड सुटतो. बाक बोल्टवर सुटा होणारा करायचं मोठं कारणही तेच. कोच स्क्रू आणि चार बोल्ट काढले की दोन माणसं अर्ध्या तासात तो माडीवर नेऊ शकतात. जुन्या वाड्यांच्या अरुंद जिन्यांतूनही सुटा बाकच जातो.

फळा

पट्ट्या पाडून ठेवण्यापेक्षा कडेवर उभ्या करून चिकटवा. याने दोन गोष्टी होतात. एकतर ३ इंची जाडी मिळते. दुसरं म्हणजे फळीची कमी हलणारी दिशा फळ्याच्या रुंदीत येते, त्यामुळे वर सांगितलेले दोन सूत जवळजवळ एका सुतावर येतात.

प्रत्येक पट्टी आधी थिकनेस मशीनवर पावणेदोन इंच जाडीची करून घ्या. तेराही जमिनीवर शेजारी-शेजारी मांडा. कडेवर हात फिरवून रेशे कोणत्या दिशेला चढतात ते बघा आणि खडूने बाण काढा. सगळे बाण एका दिशेला आले पाहिजेत. एक जरी उलटा राहिला तर शेवटी सपाट करताना रंधा तेवढ्याच पट्टीत लाकूड उपसतो, आणि ते उपसणं बाक असेपर्यंत त्रास देतं. गाठी खालच्या बाजूला न्या. सगळ्यात सरळ, बिनगाठीची पट्टी पुढच्या कडेला.

सगळा फळा एका बैठकीत चिकटवू नका. ४, ४ आणि ५ असे तीन गठ्ठे करा. प्रत्येक गठ्ठा ९ इंचांपेक्षा कमी रुंद राहतो, त्यामुळे मशीनमधून पुन्हा निघतो. क्लॅम्प दर ९ इंचांवर, म्हणजे ८ लागतात. ते नसतील तर १२ मिलिमीटरचे आटे पाडलेले रॉड आणि लोखंडी चॅनेलचे तुकडे घेऊन स्वतः बनवा. एक क्लॅम्प वरून, पुढचा खालून असे लावा, नाहीतर गठ्ठा धनुष्यासारखा वाकतो.

फेविकॉल दोन्ही बाजूंना पातळ आणि सारखं लावा, दात असलेल्या पट्टीने. आवळल्यावर सांध्यातून मण्यांची बारीक ओळ बाहेर आली की प्रमाण बरोबर. ओघळ आले तर जास्त झालं, काहीच आलं नाही तर जोड उपाशी आहे. एप्रिलच्या दुपारी हाताशी दहा मिनिटंही मिळत नाहीत, म्हणून आधी एकदा कोरडी मांडणी करून सगळे क्लॅम्प मापाला उघडून ठेवा. इतकं आवळू नका की सगळं फेविकॉल बाहेर येईल.

रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवा, पण रंधा दुसऱ्याच दिवशी मारू नका. फेविकॉलमधल्या पाण्याने सांध्याजवळचं लाकूड फुगलेलं असतं. तेव्हाच सपाट केलं तर महिन्याभराने प्रत्येक सांध्यावर बारीक नाली दिसते. चार-पाच दिवस थांबा.

पाय आणि आडपट्ट्या

पाय दोन अर्ध्यांचा करण्यात मोठी सोय आहे. आखूड आडपट्टीची कूस ज्या खाचेत बसते ती खाच पटाशीने खोल कोरावी लागत नाही. दोन्ही अर्ध्यांच्या आतल्या बाजूवर अडीच-अडीच सुतांची उथळ खाच करवतीने आणि पटाशीने काढायची, मग दोन्ही चिकटवायचे. आत पाच सूत रुंदीची खाच तयार मिळते, बाजू सरळ, तळ स्वच्छ. चिकटवताना खाचेच्या मापाची, मेण लावलेली लाकडी पट्टी आत घाला, म्हणजे अर्धे सरकत नाहीत. फेविकॉल जमलं की पट्टी ठोकून काढा.

पुढच्या डाव्या पायात शिकंज्याच्या खालच्या पट्टीसाठी आणखी एक आरपार खाच लागते, तळापासून १ ते साडेतीन इंचांच्या दरम्यान. ती आत्ताच काढायची. पाय चिकटवल्यावर आठवण झाली तर साडेतीन इंची पाय आरपार कोरावा लागतो.

तयार पाय साडेतीन इंच चौरस, २९ इंच उंच. वरची आखूड पट्टी पायाच्या माथ्याशी सपाट. खालची तळापासून ४ इंचांवर. कुसा अडीच इंच लांब. या जोडाला फेविकॉलसोबत खुंटी द्या, आणि भोकं मुद्दाम चुकवून पाडा. आधी पायातून तीन सुतांचं भोक पाडा. कूस आत घाला, बिटच्या टोकाने तिच्यावर खूण करा, कूस बाहेर काढा. आता कुसेवरचं भोक त्या खुणेपासून अर्धा सूत खांद्याकडे (कूस जिथे पट्टीला मिळते त्या कडेकडे) पाडा. खुंटी ठोकली की ती वाकत आत जाते आणि कूस खेचून खांदा पायाला घट्ट बसवते. खुंटी बाभळीची किंवा जाड, पक्क्या बांबूची, टोकाला निमुळती. भोक उलट्या बाजूला चुकवलं तर जोड बाहेर ढकलला जातो, म्हणून पाडण्याआधी बाण काढून दोनदा बघा. एक सुतापेक्षा जास्त अंतर ठेवलं तर कुसेचं टोक फुटतं.

लांब आडपट्ट्यांना फेविकॉल नाही. टोकाला अर्धा इंची छोटी कूस, जी पायातल्या उथळ खाचेत बसून पट्टी फिरू देत नाही, आणि मधून एक बोल्ट. पायातून १३ मिलिमीटरचं भोक. पट्टीच्या आतल्या बाजूला, खांद्यापासून अडीच इंचांवर नटासाठी चौकोनी खण. पट्टीचा खालचा काठ जमिनीपासून साडेआठ इंचांवर ठेवा, म्हणजे बोल्ट आखूड पट्टीच्या कुसेवर आदळत नाही. बोल्टचं डोकं पायात बुडवा. बाहेर राहिलं तर पहिल्याच दिवशी गुडघा सांगतो.

उभारणी

पुढच्या आणि मागच्या पायांच्या दोन जोड्या बाहेरून बाहेर साडेबावीस इंच. उभारताना फळ्याचं प्रत्येक टोक पायाच्या १० इंच पुढे येऊ द्या. कर्ण मोजा: दोन्ही कर्णांत एका सुतापेक्षा जास्त फरक नको.

फळा पुढच्या दोन पायांवर इंच जाडीच्या लाकडी खुंट्यांनी पक्का बसवा. मागच्या पायांवर खुंटीचं भोक लांबट करा, पुढे-मागे दोन-दोन सूत मोकळं. खालून आडपट्टीतून येणाऱ्या कोच स्क्रूंचीही तीच तऱ्हा: पुढचे घट्ट, मागचे लांबट भोकात वॉशरसकट. फळा श्वास घेईल तो मागे, पुढची कड पायाशी सपाटच राहील. चारी बाजूंनी स्क्रू आवळून टाकलेला फळा पावसाळ्यात फुगतो, जागा मिळत नाही, आणि मधोमध उचलला जातो किंवा सांधा उकलतो.

सपाट करणं

हे काम बाक उभा केल्यावर, त्याच्या कायमच्या जागेवर करायचं. खाली शहाबादी फरशी असेल तर ती कुठेतरी खालीवर असणारच. आधी चारी पाय टेकतात का बघा, डुगडुगणाऱ्या पायाखाली कडप्प्याचा तुकडा द्या. वाळवीच्या भागात तसाही प्रत्येक पायाखाली कडप्पा असावा.

दोन सारख्या, काटेकोर सरळ पट्ट्या घ्या, प्रत्येकी २६ इंच लांब. एक फळ्याच्या डाव्या टोकावर आडवी ठेवा, दुसरी उजव्या टोकावर. चार पावलं मागे जा, खाली वाका आणि जवळच्या पट्टीच्या काठावरून दूरच्या पट्टीचा काठ बघा. दोन्ही काठ समांतर दिसले तर फळ्याला पीळ नाही. दूरच्या पट्टीचं एक टोक वर दिसत असेल, तर तिथला कोपरा आणि त्याच्या तिरका समोरचा कोपरा हे दोन उंच आहेत. पट्ट्यांची लांबी फळ्यापेक्षा जास्त असल्यामुळे चूक मोठी होऊन दिसते. दूरच्या पट्टीच्या काठाला पांढरा रंग लावला की ती संध्याकाळच्या उजेडातही स्पष्ट दिसते.

उंच कोपऱ्यांवर पेन्सिलने रेघोट्या मारा. लोखंडी जॅक रंध्याला थोडं जास्त पातं काढून, रेशांच्या आडव्या दिशेने, कडेपासून कडेपर्यंत रंधा मारा. पलीकडची कड फुटू नये म्हणून आधी ती थोडी तिरकी छाटा. सगळीकडून आडवे रट्टे बसल्यावर तिरके, मग शेवटी पातं बारीक करून लांबीच्या दिशेने. अधूनमधून पट्ट्या ठेवून बघत राहा, एकदम दहा रट्टे मारू नका. लांबीच्या तपासणीला ६ फुटी अॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप पुरतो, पण तो स्वतः सरळ आहे का ते बघा: त्याच्या काठाने फळीवर रेघ मारा, पाइप उलटा करून त्याच रेघेला लावा. फट दिसली तर पाइप वाकडा.

किती सपाट पुरे? पाइपखालून व्हिजिटिंग कार्ड आत जात नसेल तर थांबा. सगळा फळा काचेसारखा करायच्या मागे लागू नका. पुढच्या पावसानंतर तो पुन्हा थोडा हलणार आहे. मध्यभागापेक्षा पुढची १२ इंच रुंदी बिनचूक असणं महत्त्वाचं, रंधा तिथेच चालतो.

शिकंजा, अडसर आणि भोकं

उजव्या हाताने काम करणाऱ्याचा शिकंजा पुढच्या डाव्या पायावर. बाजारात ९ इंची लोखंडी कारपेंटर व्हाइस मिळतो, तो बसवला तरी चालतं. पायाचा शिकंजा मात्र जास्त खोल पकड देतो आणि इथे तो बनवून घेणं सोपं आहे. किर्लोस्करवाडी १९१० ची, या भागाचा लोखंडाशी संबंध जुना आहे. कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीतल्या लेथवर स्क्रू बनवून मिळतो. सांगताना नेमकं सांगा: एक इंच व्यास, १८ इंच लांबी, इंचाला ५ आटे, अॅक्मे (चपट्या माथ्याच्या) आट्याचा. नट बिडाचा किंवा गनमेटलचा. साध्या बोल्टचे टोकदार आटे नकोत. ते हळू चालतात, भुशाने भरतात आणि लवकर झिजतात.

स्क्रूचं मध्य फळ्याच्या वरच्या पातळीपासून १० इंच खाली. जबड्याला खाली एक पट्टी काटकोनात बसवा, ती पायातल्या त्या आरपार खाचेतून मागे जाते. पट्टीत इंच-इंचावर भोकं. लाकूड जितकं जाड, तितक्या भोकावर लोखंडी खिळा घालायचा, आणि खिळा जबड्यापासून एक भोक जास्त लांब ठेवायचा, म्हणजे जबडा वरून किंचित आत झुकतो आणि वरची कड आधी आवळते. खालची पट्टी नसेल तर जबडा तळाशी आत जातो, वर तोंड उघडतं, आणि कितीही फिरवलं तरी लाकूड निसटतं. जबड्याच्या आतून जाड चामडं चिकटवा.

फळ्यावर भोकं ६ सुतांची, म्हणजे १९ मिलिमीटर. पुढच्या कडेपासून अडीच इंचांवर एक रांग, चार-चार इंचांवर. मागे आठ आणि सोळा इंचांवर आणखी दोन रांगा, बारा-बारा इंचांवर पुरे. पायांवर भोक येऊ देऊ नका. भोक उभं राहावं म्हणून ड्रिल प्रेसवर पाडलेल्या भोकाचा ठोकळा वापरा, खाली टाकाऊ फळी दाबून धरा. डाव्या टोकाला रंध्यासाठी अडसर: २ इंची चौकोनी भोकात घट्ट बसणारा बाभळीचा ठोकळा, जो मोगरीने वर-खाली होतो.

लोखंडी आकडा लोहाराकडून करून घ्या. १६ मिलिमीटरची गुळगुळीत सळई, उभा भाग ९ इंच, आडवा हात ७ इंच, टोक चपटं करून थोडं खाली वाकवलेलं. बांधकामाची कंगोरेवाली सळई नको, ती भोकाच्या कडा फाडते. आकडा भोकात तिरका होऊन दोन ठिकाणी अडतो, एक वरच्या कडेला आणि एक खालच्या. फळा फार जाड असला तर तिरका व्हायला जागाच राहत नाही, म्हणून ३ इंचांचा आग्रह. वरून एक ठोका मारला की पकडतो, मागून एक ठोका दिला की सुटतो. घसरत असेल तर सळईला जाड पॉलिश पेपरने आडवे ओरखडे द्या. भोकात तेल जाऊ देऊ नका.

बाकाखाली खण करायचा असेल तर फळ्याखाली ८ इंच मोकळे सोडा. नाहीतर आकडे खणावर आदळतात आणि भोकांतून पडणारा भुसा सगळा आत जमतो.

तेल

पॉलिश किंवा मेलामाइन नको, लाकूड घसरतं. रंगाच्या दुकानातलं बॉइल्ड लिनसीड ऑइल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं मिसळून फडक्याने लावा, अर्ध्या तासाने उरलेलं पुसून घ्या. दोन दिवसांनी पुन्हा एकदा. खाण्याचं जवसाचं तेल वापरलं तर ते आठवडे-आठवडे चिकट राहतं. फळ्याच्या खालच्या बाजूलाही तेवढेच हात द्या, एकाच बाजूला तेल दिलं तर फळा वाकतो. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून मोकळी वाळत घाला, मगच टाका.

पहिल्या वर्षात काय बघायचं

पावसाळ्यात लांब पट्ट्यांचे बोल्ट घट्ट लागतील, मार्च-एप्रिलमध्ये सैल. सैल बोल्टवर काम सुरू ठेवलं की खाचेतली छोटी कूस झिजते आणि बाक कायमचा डुगडुगायला लागतो. होळीच्या आसपास एकदा आणि दिवाळीला एकदा पान्हा फिरवायचा. आंब्याच्या फळ्याखाली पिवळट भुशाच्या बारीक ढिगल्या दिसल्या तर कीड जिवंत आहे. त्या भोकांत सुईने टर्पेंटाइनमध्ये मिसळलेलं कीडनाशक सोडा आणि मेणाने बंद करा, लगेच, कारण ती एका पट्टीत थांबत नाही. वरचा फळा पुन्हा सपाट करायचा तो पहिला पूर्ण पावसाळा आणि पहिला पूर्ण उन्हाळा गेल्यावर, हिवाळ्यात. त्यानंतर लाकूड बऱ्यापैकी बसतं आणि दोन-तीन वर्षांतून एकदा हलका हात पुरतो.